किडलेला दात भरल्यावाचून बरा होतो काय?

(एकलहरे येथे पालक, शिक्षक आणि वीज केंद्रातील कामगार यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)

दाढ दुखू लागली की घरोघरी उपायांना तोटा नसतो. कोणी लवंग धरायला सांगतो, कोणी हिंगाचा बोळा, कोणी तुरटीच्या पाण्याच्या गुळण्या. अलीकडे या जुन्या उपायांत एका नव्या आश्वासनाची भर पडली आहे. अमुक तेल, अमुक चूर्ण किंवा अमुक आहार घेतला की दातातील खड्डा आपोआप भरून येतो, दंतवैद्याकडे जाण्याचे कारण उरत नाही, असे ते आश्वासन होय. ज्याला दात कोरण्याच्या यंत्राची धास्ती वाटते आणि ज्याला खर्चाचीही चिंता आहे, त्याला ते गोड वाटावे यात नवल नाही. दुसरीकडे, दातावर नुसता डाग दिसला तरी तो कोरून भरलाच पाहिजे, असे मानणारी मंडळीही पुष्कळ आहेत. वस्तुस्थिती या दोन टोकांच्या मध्ये आहे आणि ती नीट समजून घेणे विशेषतः मुलांच्या दृष्टीने अगत्याचे आहे.

उत्तर थोडक्यात असे आहे. दंतक्षयाची पहिली पायरी भरल्यावाचून मागे फिरविता येते. दाताला एकदा खड्डा पडला म्हणजे गेलेला भाग परत उगवत नाही. परंतु खड्डा पडल्यानंतरही कीड जागच्या जागी थांबविता येते आणि त्यासाठी प्रत्येक वेळी यंत्राने कोरावेच लागते असे नाही. आपल्या मुलाचा दात यांपैकी कोणत्या पायरीवर आहे, हे वेळेवर ओळखण्यातच सारे आहे.

हा प्रश्न थोड्या लोकांचा नाही. २००२-०३ मध्ये देशभर करण्यात आलेल्या मौखिक आरोग्य पाहणीत पाच वर्षांच्या आणि बारा वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांना दंतक्षय आढळला. पस्तीस ते चव्वेचाळीस या वयोगटात हे प्रमाण शेकडा ८० च्या घरात होते. म्हणजे पाच माणसांच्या घरात या व्याधीपासून पूर्णपणे मुक्त असलेला मनुष्य शोधावाच लागेल.

टिकाऊ दात, नाशवंत दात

पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकरी वस्तीचे अवशेष मिळाले आणि घरांच्या जमिनीखाली पुरलेल्या माणसांचे सांगाडेही मिळाले. त्यांच्या दातांचा शास्त्रज्ञांनी बारकाईने अभ्यास केला. काही दातांत किडीने पडलेले खड्डे होते. मातीत इतकी शतके गेली, हाडे ठिसूळ झाली, पण दात टिकले.

यात एक मोठा विरोधाभास आहे. जो दात मातीत तीन हजार वर्षे टिकतो तो आपल्या मुलाच्या तोंडात तीन वर्षेही का टिकू नये? याचे कारण असे की, दाताचा नाश करणारी प्रक्रिया जिवंत तोंडातच चालते. तिला अन्न लागते, ओलावा लागतो आणि सूक्ष्मजंतू लागतात. हे समजले की उपायाची दिशाही समजते.

दाताचे बाहेरचे पांढरे आवरण म्हणजे दंतवल्क. मानवी शरीरातील तो सर्वांत कठीण पदार्थ होय. वजनाच्या शेकडा ९६ भाग तो खनिजांचा असतो आणि ही खनिजे मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट यांची असतात. त्याच्या आत थोडा मऊ, पिवळसर दंतिन असतो आणि त्याच्याही आत रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला दंतमगज असतो. ठणका लागतो तो तेथे.

हाड मोडले तर सांधते, कारण हाडात ते घडविणाऱ्या जिवंत पेशी असतात. दंतवल्क घडविणाऱ्या पेशी मात्र दात हिरडीतून वर येतानाच नाहीशा होतात. कारागीर काम संपवून कायमचे निघून जावेत, तसे हे घडते. म्हणूनच दंतवल्काचा तुकडा गेला तर तो पुन्हा घडविणारे कोणी उरत नाही. दंतमगज आतल्या बाजूने दंतिनाचा नवा थर घालून काही काळ स्वतःचा बचाव करतो, पण बाहेरची भिंत बांधणे त्याच्या हाती नसते.

कीड नव्हे, आम्ल

दात किडतो असे आपण म्हणतो. त्यामागे दातात खरोखरच किडा असतो, ही जुनी समजूत आहे. सुश्रुतसंहितेत दंतरोगांमध्ये कृमिदंत असा उल्लेख आहे आणि जगातील इतर प्राचीन संस्कृतींतही दातातल्या किड्याची कल्पना आढळते. आपल्याकडे रिंगणीच्या बियांची धुरी देऊन किडा पाडण्याचा उपाय अजूनही कोठे कोठे केला जातो. धुरीने ठणका घटकाभर कमी वाटला तरी खड्डा होता तेथेच राहतो.

या प्रश्नाचा शास्त्रीय उलगडा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाला. बर्लिन येथे काम करणारे अमेरिकन दंतशास्त्रज्ञ विलोबी मिलर यांनी १८९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले की, तोंडातील सूक्ष्मजंतू पिठूळ व गोड पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दातातील खनिजे विरघळविते. १९२४ मध्ये इंग्लंडमधील क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून एक विशिष्ट जंतू वेगळा केला. त्यांनी त्याला स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स असे नाव दिले. दातांवर साचणारा चिकट, पांढुरका थर म्हणजे अशा जंतूंची वसाहतच होय. आपण साखर खातो, तेव्हा त्या वसाहतीलाही जेवण मिळते.

झीज आणि भरपाई यांचा जमाखर्च

एकलहऱ्याच्या श्रोत्यांना ही गोष्ट समजावून सांगणे सोपे आहे. गोदावरीकाठच्या या गावी १९७० च्या सुमारास विजेचे संच उभे राहिले आणि पुढे २१० मेगावॉटचे तीन संच आले, तेव्हापासून पाण्याची परीक्षा हा येथील रोजच्या कामाचा भाग झाला. बॉयलरमध्ये जाणाऱ्या पाण्यातून आधी खनिजे काढून टाकावी लागतात, नाहीतर नळ्यांत क्षार साचतो. शिवाय ते पाणी आम्लाकडे झुकू द्यायचे नसते, किंचित अल्कधर्मी ठेवायचे असते, नाहीतर पोलाद खाल्ले जाते. म्हणून पाण्याचा सामू सारखा तपासला जातो. पाणी एका बाजूला झुकले तर धातू विरघळतो आणि त्यात खनिजे राहिली तर ती नळीवर बसतात, हा नियम येथील रसायनशाळेत काम करणाऱ्यास तोंडपाठ असतो.

तोंडातही असाच नियम चालतो. लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळलेले असतात. लाळेचा सामू साधारण ७ च्या आसपास असतो आणि तोवर दंतवल्क सुरक्षित असते. तो सुमारे ५.५ च्या खाली गेला की दातातील खनिजे बाहेर पडू लागतात. लाळ आम्लाला पुसून टाकते आणि सामू वर चढतो, तेव्हा तीच खनिजे पुन्हा दातात जाऊन बसू लागतात. बॉयलरच्या नळीत बसणारा क्षार हा शत्रू असतो, दातात परत बसणारी खनिजे ही मात्र मित्र असतात, एवढाच काय तो फरक. ही देवाणघेवाण प्रत्येकाच्या तोंडात दिवसातून अनेकदा होते. खर्च जमेपेक्षा सतत अधिक राहिला म्हणजे दात किडतो.

अमेरिकन दंतशास्त्रज्ञ रॉबर्ट स्टिफन यांनी १९४० च्या दशकात हा चढउतार मोजून दाखविला. साखरेच्या पाण्याने चूळ भरताच दातांवरील थराचा सामू काही मिनिटांतच खाली येतो आणि पूर्ववत होण्यास अर्ध्या तासापासून तासापर्यंत वेळ लागतो. येथे पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांनी याचा विचार अवश्य करावा. रात्रपाळीत जागे राहण्यासाठी दर दीड तासाने साखरेचा चहा घेतला आणि मध्ये बिस्किट तोंडात टाकले, तर दात रात्रभर आम्लाच्या अमलाखालीच राहतात. त्यांना भरपाईला सवडच मिळत नाही. तेवढीच साखर जेवणाबरोबर एकदा पोटात गेली असती, तर दाताचे नुकसान पुष्कळ कमी झाले असते.

साखर किती खाल्ली यापेक्षा ती कितीदा आणि कोणत्या रूपात खाल्ली याला अधिक महत्त्व आहे, हे स्वीडनमधील विपेहोल्म येथील प्रयोगाने दिसून आले. त्याचे निष्कर्ष १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले. जेवणाबरोबर साखर घेणाऱ्यांत दंतक्षय फारसा वाढला नाही, परंतु दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफी खाणाऱ्यांत तो झपाट्याने वाढला. हा प्रयोग मनोदुर्बल रुग्णांवर, त्यांच्या संमतीवाचून करण्यात आला होता आणि त्याबद्दल पुढे त्याची कठोर निर्भर्त्सना झाली. परंतु त्यातून मिळालेले ज्ञान खरे आहे. ते ज्या किमतीला मिळाले ती लक्षात घेता, त्याकडे दुर्लक्ष करणे अधिकच अनुचित ठरेल.

झोपेत लाळ अत्यंत कमी होते. म्हणून तान्ह्या मुलाला गोड दुधाची बाटली तोंडात देऊन निजविणे, किंवा चोखणीला मध लावून देणे, हे त्याच्या समोरच्या दातांचा घात करणारे आहे. दोन-अडीच वर्षांच्या मुलाचे वरचे चारही दात काळे पडून झिजलेले दिसतात, ते बहुधा यामुळेच.

पांढरा डाग: परतीची वाट

आता मूळ प्रश्नाकडे वळू. खनिजांचा खर्च जमेपेक्षा अधिक होऊ लागला म्हणजे दाताला लगेच भोक पडत नाही. प्रथम हिरडीलगत किंवा दाढेच्या खाचेत खडूसारखा निस्तेज पांढरा डाग उमटतो. या वेळी दाताचा पृष्ठभाग जवळजवळ शाबूत असतो आणि त्याच्या खालचा थर पोकळ होऊ लागलेला असतो. छत शाबूत आहे, पण खालचे वासे पोखरले जात आहेत, अशी ही अवस्था असते.

हे वासे पुन्हा भरून येऊ शकतात. नेदरलँडमधील दंतशास्त्रज्ञ बाकर डिर्क्स यांनी आठ वर्षांच्या मुलांच्या दाढांवरील असे डाग नोंदवून ठेवले आणि ती मुले पंधरा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासले. १९६६ मध्ये त्यांनी आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. निम्म्याहून अधिक डाग नाहीसे झाले होते, बरेचसे होते तसेच राहिले होते आणि थोड्यांचेच खड्डे झाले होते. कोणी यंत्र लावले नव्हते की सिमेंट भरले नव्हते. ‘दंतक्षय भरल्यावाचून बरा होतो काय’ या प्रश्नाचे ‘होय’ हे उत्तर या अवस्थेपुरते खरे आहे. असा डाग कोरून भरणे म्हणजे दुरुस्त होऊ शकणारी भिंत पाडून नवी बांधणे होय.

या भरपाईला सर्वांत मोठे साह्य फ्लोराइडचे होते. त्याची हकीगत मनोरंजक आहे. १९०१ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी फ्रेडरिक मॅके नावाचे तरुण दंतवैद्य आले. तेथील पुष्कळ लोकांच्या दातांवर तपकिरी डाग त्यांना दिसले. पण त्या डागाळलेल्या दातांना कीड मात्र क्वचितच लागे. कारण शोधण्यात तीस वर्षे गेली. १९३१ मध्ये त्या पाण्यात फ्लोराइड अधिक असल्याचे निष्पन्न झाले. अल्प प्रमाणात फ्लोराइड दातावर असले, तर बाहेर पडलेली खनिजे अधिक त्वरेने परत बसतात आणि नव्याने बसलेले स्फटिक आम्लाला अधिक दाद देत नाहीत.

मात्र प्रमाणाचे भान सुटता कामा नये. आपल्या राज्यात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत विंधन विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड जरुरीपेक्षा अधिक आहे आणि तेथे मुलांचे दात डागाळतात, हाडांवरही परिणाम होतो. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात एका लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड योग्य समजले जाते. दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. म्हणून पोटात फ्लोराइड घेण्याचा खटाटोप कोणी करू नये. ते दाताच्या पृष्ठभागावर लागणे महत्त्वाचे आणि त्यासाठी टूथपेस्ट पुरेशी आहे. आपल्या देशात टूथपेस्टमध्ये फ्लोराइडचे प्रमाण दशलक्ष भागांत १००० भाग, म्हणजे एका ग्रॅमला एक मिलिग्रॅम, यापेक्षा अधिक असू नये असा नियम आहे. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यानंतर सहा वर्षांपर्यंत मटाराच्या दाण्याएवढी पेस्ट द्यावी. घासून झाल्यावर थुंकावे, पण भराभर चुळा भरून ती सारी धुऊन टाकू नये. रात्री निजण्यापूर्वीचे घासणे सकाळच्या घासण्यापेक्षाही मोलाचे आहे.

खड्डा पडल्यावर

छत कोसळले, म्हणजे पृष्ठभाग फुटून खड्डा पडला, की हिशेब बदलतो. आता जंतूंना लपायला जागा मिळते, तेथे ब्रश पोचत नाही आणि लाळही पोचत नाही. अशा खड्ड्यात दंतवल्क पुन्हा उगवल्याचे कोणत्याही विश्वासार्ह अभ्यासात दिसलेले नाही.

मग खड्डे बरे झाल्याच्या कथा येतात कोठून? त्यांचे एक मूळ १९३० च्या सुमारास इंग्लंडमध्ये झालेल्या संशोधनात आहे. मे मेलान्बी या विदुषींनी मुलांना ड जीवनसत्त्व भरपूर असलेला आणि धान्य वगळलेला आहार देऊन दातांचे निरीक्षण केले. नवी कीड कमी लागली आणि जुन्या खड्ड्यांचे मऊ तळ कठीण झाले, असे त्यांना आढळले. हे निरीक्षण मोलाचे होते. परंतु कठीण झालेला खड्डा हा खड्डाच राहतो. कीड थांबली याचा अर्थ दात भरून आला असा होत नाही. पुढे सांगणाऱ्यांनी ‘थांबली’च्या जागी ‘भरून आला’ असे म्हटले आणि गैरसमज पसरला. लंडनमधील संशोधकांनी २०१७ मध्ये उंदरांच्या दातांत औषधाच्या साह्याने दंतिन वाढविल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हाही वृत्तपत्रांत असाच गाजावाजा झाला होता. तो प्रयोग आशादायक खरा, पण तो उंदरांवरचा होता आणि वाढले ते दंतिन होते, दंतवल्क नव्हे.

तथापि कीड थांबविणे ही काही लहान गोष्ट नाही. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचे एक द्रावण जपानमध्ये १९७० पासून वापरात आहे. खड्डा स्वच्छ करून त्यावर या द्रावणाचे बोट फिरविले की जंतू मरतात, मऊ भाग कठीण होतो आणि बहुसंख्य मुलांत कीड तेथेच थांबते. ना सुई, ना यंत्र. मात्र तो भाग कायमचा काळा पडतो, आणि द्रावण पुन्हा पुन्हा लावावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आवश्यक औषधांच्या यादीत या द्रावणाचा समावेश केला. फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट आणि ग्लास आयोनोमर सिमेंट यांनाही त्याच वेळी त्या यादीत स्थान मिळाले.

दुसरा मार्ग आफ्रिकेतील टांझानियात १९८० च्या दशकात विकसित झाला. तेथील खेड्यांत वीज नव्हती, म्हणून यंत्रही नव्हते. दंतवैद्यांनी केवळ हातातील अवजारांनी मऊ भाग खरवडून काढला आणि खड्डा चिकट सिमेंटने बुजविला. हे काम टिकते असे आढळून आल्यावर ही पद्धत जगभर स्वीकारली गेली. तिसरा मार्ग स्कॉटलंडमधील नॉर्ना हॉल या दंतवैद्य महिलेच्या नावाने ओळखला जातो. दुधाच्या किडलेल्या दाढेवर, ती न कोरता, पोलादाची टोपी चिकटवून जंतूंची रसद तोडायची, असा हा मार्ग. त्यावरील अभ्यास २००६ मध्ये पुढे आला. या सर्वांचा मथितार्थ एकच की, दात जितका कमी कोरावा तितका चांगला, हे आता दंतवैद्यकशास्त्रानेच मान्य केले आहे. यंत्राच्या भीतीने दवाखाना टाळण्याचे कारण त्यामुळे बरेच कमी झाले आहे.

परंतु कीड दंतमगजापर्यंत पोचली, रात्री अंथरुणात ठणका लागू लागला, हिरडीवर पुटकुळी आली किंवा गालावर सूज चढली, तर मात्र यांपैकी काहीही पुरे पडत नाही. तेव्हा मुळाच्या नळीची चिकित्सा, म्हणजे रूट कॅनॉल, नाहीतर दात काढणे, हेच दोन मार्ग उरतात. सुजेबरोबर ताप आला, तोंड उघडेनासे झाले किंवा गिळताना त्रास होऊ लागला, तर एक दिवसही दवडू नये.

घरगुती उपायांचे मोल

घरगुती उपाय सरसकट टाकाऊ नाहीत. त्यांचे काम कोणते आणि मर्यादा कोणती, एवढे ओळखावे. लवंगेच्या तेलाने दाढ बधिर होते आणि दवाखान्यात पोचेपर्यंत आराम पडतो. पण ठणका थांबला म्हणजे रोग थांबला असे नाही. उलट आतील मज्जातंतू निकामी झाला तरीही ठणका थांबतो, आणि पुष्कळ लोक त्यालाच गुण आला असे समजतात. सुश्रुताने सांगितलेली निंब, खदिर, करंज यांची दंतकाष्ठे नियमितपणे आणि नीट चावून वापरली तर दातांवरचा थर निघतो. तेल तोंडात खुळखुळविल्यानेही तोंड स्वच्छ वाटते. परंतु काडीत किंवा तेलात खड्डा बुजविणारे काही नाही.

राखुंडी आणि कोळशाची पूड यांविषयी अधिक सावध असावे. दात क्षणभर पांढरे दिसतात ते घासले जातात म्हणून, आणि घासले जाणारे दंतवल्क परत येत नाही. या केंद्राच्या परिसरात राखेला तोटा नाही. ती सिमेंटच्या आणि विटांच्या कामाची आहे, तिच्यातील कठीण कण दातांसाठी नव्हेत.

मशेरी हा तर उपाय नव्हेच, ते व्यसन आहे. भाजलेल्या तंबाखूची ही पूड हिरड्यांना बधिर करते, म्हणून तिने दात बरे वाटतात. ती दात काळे करते, त्यामुळे कीड दिसत नाही, आणि तोंडाच्या कर्करोगाला निमंत्रण देते. दंतमंजनात व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास केंद्र शासनाने १९९२ मध्येच बंदी घातली आहे. घरी भाजलेल्या मशेरीला मात्र घरच्यांनीच बंदी घालायला हवी.

सहाव्या वर्षाची दाढ

मातापित्यांनी या भाषणातील एकच गोष्ट ध्यानात ठेवायची म्हटले तर ती ही ठेवावी. मूल सहा वर्षांचे होते त्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे, वर आणि खाली, दोन्ही बाजूंना एकेक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दुधाचा दात पडत नाही. त्यामुळे ती आलेली कळत नाही आणि कळली तरी दुधाचीच समजली जाते. किडली तर ‘पडेल आणि नवी येईल’ असे म्हणून सोडून दिली जाते. वस्तुतः ती कायमची दाढ असते आणि तिच्यामागे दुसरी येणार नसते. तिच्या खाचा खोल असतात, ती ब्रशला सहज सापडत नाही, आणि मूलही अजून नीट घासायला शिकलेले नसते. म्हणून सर्वांत आधी किडते ती बहुधा हीच.

या दाढेच्या खाचा निरोगी असतानाच राळेसारख्या पातळ लेपाने बुजविता येतात. त्यासाठी कोरावे लागत नाही, दुखत नाही आणि थोडा वेळ पुरतो. दाढ पूर्ण वर आल्यावर लवकरात लवकर ही गोष्ट करून घेतली, तर पुढील आयुष्यातील मोठा त्रास टळू शकतो.

दुधाच्या दातांविषयीची उपेक्षाही अनाठायी आहे. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत मुलाच्या उपयोगी पडायच्या असतात. त्या अकाली गेल्या तर मागचे दात पुढे सरकतात आणि कायमचे दात वेडेवाकडे येतात. शिवाय दाढ दुखणारे मूल जेवत नाही, झोपत नाही आणि वर्गात त्याचे लक्ष लागत नाही. त्याचे कारण शिक्षकांना पुष्कळदा कळत नाही.

सोयी आहेत, लाभ घ्यावा

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी या कार्यक्रमात करण्यात येते. वैद्यकीय पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळेत वर्षातून एकदा जावे, अशी योजना आहे. तपासावयाच्या विकारांत दातांचे विकारही आहेत. पथक येईल त्या दिवशी मूल गैरहजर राहू नये आणि दातांविषयी काही शंका असेल तर शिक्षकांनी ती पथकाच्या निदर्शनास आणावी, एवढे सहकार्य झाले तरी बरेच काम होईल.

नाशिक हे तर १९९८ पासून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्य ठिकाण आहे. राज्यातील दंतवैद्यकाचे शिक्षण या विद्यापीठाच्या कक्षेत येते. पंचवटीत दंत महाविद्यालय आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. अशा महाविद्यालयांच्या रुग्णालयांत शिक्षकांच्या देखरेखीखाली उपचार होतात आणि ते खाजगी दवाखान्यापेक्षा सामान्यतः स्वस्त पडतात. दंतवैद्यापुढे बसल्यावर निःसंकोचपणे विचारावे, ‘हा डाग आहे की खड्डा? भरल्यावाचून थांबण्यासारखा आहे काय? थांबलो तर पुन्हा केव्हा दाखवायला यावे?’ असे विचारणे हा रुग्णाचा अधिकार आहे आणि चांगल्या दंतवैद्याला त्याचा रागही येत नाही.

बंधुभगिनींनो, दात न भरता बरा होण्याची संधी निसर्गाने ठेवलेली आहे, परंतु ती थोड्या काळाची आहे. पांढरा डाग उमटल्यापासून खड्डा पडेपर्यंत बहुधा काही महिने जातात, कधी दोन-चार वर्षेही जातात. तेवढ्या अवधीत जो पाहील त्याला ती लाभते. दुखू लागल्यावर पाहणाऱ्याला ती लाभत नाही, कारण दंतवल्काला दुखणे ठाऊक नसते. म्हणून महिन्यातून एकदा मुलाला उजेडात बसवावे, दात स्वच्छ फडक्याने कोरडे करावे आणि हिरडीलगत व दाढांच्या खाचांत नीट पाहावे. खडूसारखा डाग दिसला तर गोड खाण्याच्या वेळा कमी कराव्यात, रात्रीचे घासणे चुकवू नये आणि दंतवैद्याला दाखवावे. काळा खड्डा दिसला तर तेल आणि चूर्ण यांत वेळ न घालविता, त्याच आठवड्यात दवाखाना गाठावा.